मामीचं कीर्तन, चार कॅमेरे आणि माझा आठ जीबीचा लॅपटॉप

आधीच सांगतो, मी काही फोटोग्राफर वगैरे नाही. मामी नारदीय कीर्तन करते, सांगलीत आणि आजूबाजूच्या गावांत, आणि गुढीपाडवा ते रामनवमी अशी नऊ दिवसांची कीर्तनं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायची असं घरात ठरलं. घरात प्रिंटर चालू करता येणारा एकमेव माणूस मी, त्यामुळे ते आपोआप माझ्या गळ्यात पडलं. त्याआधी तीनेक महिने मी जमेल तिथून कॅमेरे आणून, मागून, भाड्याने घेऊन तिच्या कीर्तनांना लावून बघितले, एडिटिंगची सॉफ्टवेअरं टाकली काढली, लॅपटॉपला घाम फोडला. त्यातून जे कळलं ते लिहितोय. ज्यांना कीर्तन, नाटक, गाण्याचा क्लास, व्याख्यान असलं लांबलचक काहीतरी शूट करायचंय त्यांच्यासाठीच हे आहे, रील्सवाल्यांना उपयोग नाही.

पहिली दोन कीर्तनं फोनवरच केली. चित्र वाईट नव्हतं, उलट मामा म्हणाले एवढं चांगलं येतंय तर पैसे कशाला घालवतोस. पण फोन देवळाच्या मागच्या खांबाजवळ, मामी पंचवीस फुटांवर, झूम केला की चेहरा चिखलात पडल्यासारखा. पूर्वरंग (कीर्तनाचा पहिला भाग) संपायच्या आत फोन इस्त्रीसारखा तापला आणि मध्येच कुणाचातरी फोन आला ते वेगळंच (एअरप्लेन मोड, हो, माहितीय, नंतर आठवलं). आणि खरी गंमत एडिटिंगला बसल्यावर. फोन सेकंदाला ठरलेल्या तेवढ्याच फ्रेम घेतो असं नाही, उजेड बघून स्वतःचा स्वतः कमीजास्त करतो. त्यामुळे आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर जोडला की सुरुवातीला ओठ बरोबर जुळतात आणि दीड तासानंतर मामीचं 'विठ्ठल' म्हणून झालेलं असतं पण ओठ अजून 'वि'वरच. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून व्हिडिओ कॉन्स्टंट फ्रेम रेटला करून घेतला की हे बरंचसं सुटतं, पण दोन तासांची फाइल कन्व्हर्ट व्हायला माझ्याकडे अख्खी रात्र जायची.

मग सगळे सांगतात तो सोनीचा झेडव्ही-ई१० भाड्याने आणला. २०२१चा कॅमेरा, अजूनही प्रत्येक दुसरा यूट्यूबर हाच घ्या म्हणतो आणि का म्हणतो ते हातात घेतल्यावर कळतं. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप मोठी, एपीएस-सी म्हणतात त्या मापाची, समईच्या उजेडातसुद्धा चेहरा स्वच्छ. डोळ्यावर फोकस धरतो तो धरतोच, मामी अभिनय करत इकडून तिकडे फिरली तरी सोडत नाही. माईकला जागा, हेडफोनला जागा, यूएसबी-सीतून पॉवर बँक लावून चालवता येतो, आणि हे शेवटचं फार महत्त्वाचं कारण आत बसते ती छोटी एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी, तिच्या भरवशावर अख्खं कीर्तन काढायला जाऊ नका. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही पण आमचा ट्रायपॉडवर, सो काय फरक पडत नाही. फोर-के तीस फ्रेमला चित्र कडेने थोडं कापलं जातं, चोवीस-पंचवीसला पूर्ण येतं. वस्तू पुढे धरली की फोकस वस्तूवर नेणारा एक वेगळा मोड दिलाय, तो लिपस्टिक दाखवणाऱ्यांसाठी, आपल्याला काही कामाचा नाही.

अडचण लेन्सची. सोबत येते ती १६-५० मिलिमीटरची. पंचवीस फुटांवरून पूर्ण झूम केला तरी मामी डोक्यापासून पायापर्यंत दिसते, त्याच्या पुढे नाही. म्हणजे आख्यानात सीतेचा प्रसंग आला, मामीचे डोळे भरले, समोरच्या रांगेतल्या आज्या पदर लावतायत डोळ्याला, आणि आमच्या फ्रेममध्ये अख्खी नऊवारी आणि बाजूला तबलेवाले काका पाण्याची बाटली शोधतायत. लांबची लेन्स घ्या म्हणतात, हो, ती अजून पंधरावीस हजाराची, आणि ती लावली की तबला-पेटी दिसणं बंद. कीर्तन चालू असताना लेन्स बदलायला मी काय विष्णू आहे का चार हातांचा.

मित्राचा कॅनन आर५० एक दिवस लावला. रंग, खरं सांगू का, मला याचेच जास्त आवडले, मामीची मोतिया नऊवारी मोतियाच दिसली. तीस फ्रेमला फोर-के न कापता देतो, मेन्यू एवढा सोपा की मामासुद्धा चालवतील. पण हेडफोन लावायला जागाच नाही, आणि ज्याला आवाज महत्त्वाचा त्याच्यासाठी माझ्या मते इथेच विषय संपला, कारण आवाज येतोय की नुसती घरघर येतेय हे घरी गेल्यावर कळून काय उपयोग. आणि एका वेळी एक तासाचं रेकॉर्डिंग, मग परत बटण दाबायचं. म्हटलं मध्यंतर असतंच की, तेव्हा दाबू. पण मामी रंगात आली की पूर्वरंग सव्वा तास चालतो आणि तिला थांबवायची कुणाची टाप नाही.

हे थांबण्यावरून आठवलं. जुन्या डीएसएलआरवाल्यांना २९ मिनिटं ५९ सेकंदांचा किस्सा माहीत असेल. बरेच कॅमेरे बरोबर तिथे बंद पडायचे आणि लोकांना वाटायचं तापतो म्हणून. खरं कारण युरोपातलं होतं, तिकडे तीस मिनिटं किंवा जास्त रेकॉर्ड करणारी वस्तू जकातीच्या हिशोबात व्हिडिओ कॅमेऱ्यात धरली जायची आणि तिच्यावर जादा कर, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद आधीच गाडी थांबवली! आता नवीन बॉड्यांत ते राहिलं नाही, पण सेकंडहँड जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतोय म्हणून उचलणार असाल तर आधी हे तपासा.

बाकी तापण्याचं म्हणाल तर छोट्या मिररलेसमध्ये (सोनी, कॅननचे वरचे दोन्ही त्यातलेच) पंखा नसतो, सेन्सर मोठा, बॉडी मुठीएवढी, उष्णता जाणार कुठे. मी आणलेल्यांपैकी एक (नाव घेत नाही, उगाच खाली भांडणं नकोत) मार्चच्या दुपारी पत्र्याच्या मंडपात चाळीसेक मिनिटांत चिन्ह दाखवून झोपला. स्क्रीन बॉडीपासून बाहेर काढून ठेवायची, मेन्यूत तापमानाची मर्यादा वाढवायचा पर्याय असेल तर तो करायचा, आणि फॅन कॅमेऱ्याकडे वळवायचा. फॅन वळवला तर तबलेवाले काका रागावतात. असो.

डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ पण कुणीतरी सुचवला. वस्तू म्हणून गोड आहे, एक इंचाचा सेन्सर, खाली गिंबल म्हणजे हात हलला तरी कॅमेरा स्थिर धरणारी मान, माणसाच्या मागे मान वळवतो. पण लेन्स वाइड आणि ऑप्टिकल झूम, म्हणजे लेन्सनेच खरोखर जवळ आणणारा, नाही. दिंडीत चालत शूट करायला एक नंबर, देवळात मागच्या खांबाजवळ ठेवायला शून्य.

आता ज्याला सगळे हसतात तो. हँडीकॅम. आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा असला तरी हँडीकॅमच म्हणतात. लग्नात व्हिडिओवाले खांद्यावर घेऊन फिरायचे तो नाही, त्याचा लहान भाऊ, सोनी एएक्स४३. ओळखीच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे पडून होता, त्याची पोरं आता सगळी मिररलेसवर गेलीत. म्हणाला घेऊन जा, धूळच खातोय. मी पण नाक मुरडूनच नेला.

आणि पहिल्याच कीर्तनाला माझं मत फिरलं. वीस पट ऑप्टिकल झूम. बोटाखाली तो डुलणारा झूमचा खटका, हळू दाबला की हळू सरकतो. त्याच खांबाजवळून तबला, पेटी, मामी, मागे रामाची मूर्ती असं सगळं घेता येतं आणि तिथूनच सावकाश मामीच्या चेहऱ्यापर्यंत जाता येतं, इतकं की कपाळावरचा बुक्का पुसट झालेला दिसतो. दोन तास सलग चालला, तापला नाही, बंद पडला नाही, जाड बॅटरी लावली होती ती संपली पण नाही. फोर-के पंचवीस फ्रेम, माईकला जागा, हेडफोनला जागा. लेन्सचा भाग आतल्या आत तरंगतो त्यामुळे लाकडी फ्लोअरिंगवर पोरं पळाली तरी चित्र फारसं हलत नाही.

तोटा आहेच. सेन्सर बारकासा, १/२.५ इंची. शेवटच्या आरतीला दिवे घालवले की काळ्या भागात मुंग्या चालायला लागतात. मागची पार्श्वभूमी धूसर होत नाही, जे रील्सवाल्यांना लागतं ते. लग्नाच्या सिनेमॅटिकला हा घेतलात तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही. पण हल्ली देवळांत एवढ्या एलईडी ट्यूबा लावतात की अंधार ही समस्याच उरलेली नाही, उलट अंधार मिळाला तर बरं असं झालंय.

ट्यूबांवरून एक सांगायचं राहिलं, कुठलाही कॅमेरा घ्या, लागू आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्यात एनटीएससी (अमेरिकेकडची व्हिडिओची पद्धत), तीस फ्रेम, शटर १/६० असं काहीतरी असलं की पडद्यावरून काळे पट्टे सरकताना दिसतात. मेन्यूत जाऊन पाल (PAL, आपल्याकडची पद्धत) करा, पंचवीस फ्रेम, शटर १/५०. ऐंशी टक्के पट्टे गेले. उरलेले मूर्तीमागच्या फिरत्या एलईडी माळेचे, ती माळ बंद करायला सांगणं हा देवस्थान समितीशी बोलण्याचा विषय आहे, कॅमेऱ्याचा नाही. आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नका, भगवं उपरणं घेतलेला माणूस समोरून गेला की अख्खं देऊळ निळं पडतं.

मामीला हे सगळं दाखवलं तर ती म्हणाली, "अरे, माझा शब्द नीट ऐकू येतोय ना तेवढं बघ, मी दिसले नाही तरी चालेल." आणि तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मी तीन महिने चित्राच्या मागे, आणि आवाज अजून कॅमेऱ्यावरच्या माईकचा, म्हणजे देवळाचा घुमारा, लहान पोरं, चपला. कीर्तनाची खोड अशी की मामी हळू आवाजात ओवी म्हणते आणि पुढच्या क्षणाला चिपळ्या वाजतात. कॅमेऱ्याचं ऑटो लेव्हल चिपळ्यांना घाबरून सगळा आवाज खाली ओढतं, मग मामीचे पुढचे चार शब्द विहिरीतून आल्यासारखे, मग हळूहळू दम खाऊन आवाज परत वर. दोन तास हे ऐकलं तर देवावरचा विश्वास उडेल. पहिलं काम म्हणजे ऑटो बंद, लेव्हल हाताने, चिपळ्या वाजल्या तरी लाल होणार नाही एवढी खाली.

मग बोयाचा तो स्वस्तातला कॉलर माईक, बीवाय-एम१, हजार रुपयांच्या आतबाहेर. वायर सहा मीटर लांब, ती गुंडाळून रबरबँड लावायचा, आणि टोक झूम कंपनीच्या एच१ इसेन्शियल रेकॉर्डरमध्ये घालून तो मामीच्या कमरेला खोचायचा. हा रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटमध्ये घेतो, म्हणजे लेव्हल लावायची भानगड नाही, चिपळ्यांचा आवाज फुटलेला वाटला तरी घरी येऊन खाली ओढला की माईकनेच हाय खाल्ली नसेल तर परत साबूत मिळतो. या एका वस्तूने जेवढा फरक पडला तेवढा चार कॅमेऱ्यांनी मिळून पाडला नाही. एकदा मी माईकवरचा खटका कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवला आणि आतला बटन सेल संपलेला, अख्खं कीर्तन शांततेत रेकॉर्ड झालं, ती चूक माझी. आता पाकिटात दोन सेल जादा असतात.

आणि मध्यंतर! मध्यंतरात हार घालतात. झेंडूचा, जाडजूड, थेट माईकवर. तिथून पुढे उत्तररंगभर खर्र खर्र, जणू कुणी कानात सुपारी कातरतंय. माईक खांद्याकडे सरकवला, पदराच्या घडीत घातला, हार तिथेही येतोच. मामीला म्हटलं हार काढून पेटीवर ठेव, तर ट्रस्टी आजोबा म्हणाले, देवाचा हार असा लगेच काढत नसतात. शेवटी असं केलं की मंडपवाल्या मुलाच्या अहुजा कंपनीच्या अँप्लिफायरमधून लाइन आउट (आवाज बाहेर देणारी वायर) काढून कॅमेऱ्याच्या माईकच्या भोकात घेतली. सरळ वायर लावू नका, लाइनचा आवाज माईकच्या मानाने खूप मोठा असतो, फाटतो. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून वायरमध्ये रेझिस्टर टाकून घेतले, साठ रुपये. आता पूर्वरंग कॉलर माईकचा, हार पडला की अहुजाचा. जिथे जोड आहे तिथे टाळ्या असतात, कळत नाही.

एडिटिंग. इथे लोक उलटं करतात, मी पण केलं. आधी कॅमेरा घेतात आणि मग बघतात लॅपटॉपवर चालतंय का. माझा लॅपटॉप आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. नवीन कॅमेऱ्यांतलं ते १० बिट ४:२:२ एच.२६५ (व्हिडिओ फाइलीचा एक प्रकार) ऐकायला भारी वाटतं, पण ते उलगडून दाखवायला सहसा इंटेलची निदान अकराव्या पिढीची चिप लागते किंवा ॲपलचा एम सिरीजवाला मॅक, नाहीतर टाइमलाइनवर स्लाइड शो. हँडीकॅमचं साधं आठ बिट एच.२६४ त्या मानाने गरीब गाय. कॅमेरा निवडायच्या आधी कुणाकडून तरी त्या कॅमेऱ्याची दोन मिनिटांची ओरिजिनल फाइल पेन ड्राइव्हवर मागा (व्हॉट्सॲपवर नको, तिथे चुरा होतो) आणि आपल्या मशीनवर चालवून बघा.

सगळे डाविंची रिझॉल्व्ह म्हणतात. फुकट आवृत्तीत वॉटरमार्क नाही, फोर-के एक्सपोर्ट होतं, रंगाचं काम तर त्याच्या रक्तातच आहे. आवाजावरून क्लिपा आपोआप जुळवतो, बऱ्याच कॅमेऱ्यांचं एकत्र कापायला मल्टिकॅम आहे. चित्रातल्या मुंग्या घालवणारं नॉइज रिडक्शन आणि बोलण्याचा आवाज वेगळा काढणारं ते जादूचं बटण मात्र पैसेवाल्या स्टुडिओ आवृत्तीत, पण ते एकदाच भरायचे, महिन्याला नाही. ज्याच्याकडे सोळा जीबी रॅम आणि बरं ग्राफिक कार्ड आहे त्याने पुढे वाचूच नये, हेच टाकावं. माझ्या लॅपटॉपवर उघडेपर्यंत चहा होतो. दोष त्याचा नाही, माझ्या लॅपटॉपचा.

अडोबीचं प्रीमियर चांगलंच आहे, पण भाडं महिन्याचं आणि वर्षात मी नऊ कीर्तनं करणार. फायनल कट फक्त ॲपलच्या मॅक-आयपॅडवर. फिल्मोरा, काइनमास्टर फुकटात वापरलं की वॉटरमार्क. कॅपकट टिकटॉकवाल्यांचं, भारतात नाहीच. हँडीकॅम देणारा व्हिडिओवाला एडियस नावाच्या सॉफ्टवेअरवर बसतो, लग्नवाले बरेचसे त्याच्यावरच, त्याचा हात कीबोर्डवर असा चालतो की बघत बसावं, पण ती सवय वीस वर्षांची.

मी शेवटी केडेनलाइव्हवर थांबलो. फुकट, ओपन सोर्स, विंडोजवर पण चालतं. प्रॉक्सी चालू केल्या की तो मूळ फाइलींच्या हलक्या प्रती बनवून त्यांच्यावर काम करू देतो आणि शेवटी एक्सपोर्ट मूळ फाइलींतून. माझं काम तरी काय, पुढचं मागचं कापायचं, आवाज जुळवायचा. जुळवायला टाळीची पाटी लागत नाही, मामीच्या झांजेचा पहिला ठोका वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) खांबासारखा उभा दिसतो, दोन्ही खांब एकाखाली एक आणले की झालं. आणि फोर-केचा खरा फायदा इथे: टाइमलाइन १०८०ची ठेवायची, मग फोर-के चित्र दुप्पट मोठं करून त्यातून फक्त मामीची चौकट कापता येते. एकाच कॅमेऱ्यात दोन कॅमेरे. लोक विचारतात दुसरा कॅमेरा कुणी धरला होता.

मराठी टायटलचं बघून घ्या. एका सॉफ्टवेअरमध्ये मी 'श्रीराम जन्माचे कीर्तन' लिहिलं तर पडद्यावर 'श् रीराम', आणि कीर्तनाचा रफार 'त'च्या डोक्यावर न चढता 'र्' होऊन बाजूला उभा. प्रीमियरमध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवालं निवडलं की ठीक होतं. केडेनलाइव्हच्या टायटलमध्ये युनिकोड फाँट लावला की जोडाक्षरं सरळ येतात. कुठेच जमलं नाही तर इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी करा आणि वर ठेवा, कधीच फसत नाही. लग्नवाल्यांकडून श्रीलिपीतलं (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं) टायटल उचलू नका, तुमच्याकडे तो फाँट नसेल तर भलतीच अक्षरं दिसतात.

हिशोब. हँडीकॅमच्या साठ एमबीपीएसला (सेकंदाला साठ मेगाबिट) तासाला सत्तावीस जीबी, दोन तासांचं कीर्तन चोपन्न, नऊ दिवसांचे जवळजवळ पाचशे जीबी. एक टीबीची हार्ड डिस्क आणि व्ही३० (वेगाचा शिक्का) लिहिलेलं कार्ड, हे बजेटमध्ये धरा, मी नव्हतं धरलं. यूट्यूबवर फोन नंबर व्हेरिफाय करा, नाहीतर पंधरा मिनिटांच्या पुढचा व्हिडिओ घेत नाही.

तर हँडीकॅम पस्तीस हजारात घेतला, सेकंडहँड. घ्यायच्या आधी लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी आहे, कोकणातून आलेला असेल तर जास्तच बघा. रॅम सोळा केली. माईक, रेकॉर्डर, कार्डं धरून सगळं मिळून एका चांगल्या मिररलेसच्या आत बसलं.

नऊच्या नऊ झाली. मामीने पहिलं कीर्तन टीव्हीवर लावून पूर्ण बघितलं, मी बाजूला श्वास रोखून. संपल्यावर म्हणाली, "तबला जरा जास्त वाजतोय रे." अहुजाच्या लाइनीत तबल्याचा माईक पण येतो, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.